मंडळाचा पक्षी

"मोर आहे," हिंदुराव मगदूम म्हणाले.

"हंस," हेर्लेकर सर म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या जुन्या हँडबिलाकडे पाहिलं. कागद पिवळा पडून कडांना तुटायला आला होता, आणि त्याच्या डोक्यावर मधोमध मंडळाचं बोधचिन्ह होतं. डावीकडे लांब मान, मानेच्या टोकाला चोचीसारखं काहीतरी. मानेखाली फुगीर छाती. पाठीवर उचललेल्या पंखासारखा एक उंचवटा आणि मागे जमिनीवर पसरलेली शेपूट, तिच्यावर बारीक ठिपके.

"शेपटीवर डोळे आहेत की," हिंदुराव म्हणाले. "डोळे कुणाच्या शेपटीवर असतात? सांगा. हंसाच्या?"

"ते डोळे नव्हेत. मुद्रणदोष आहेत. मानेचा डौल पाहा. मंडळ शारदेचं, शारदेचं वाहन हंस. यात वादाला जागाच कुठे आहे?"

"शारदेला मोर पण असतोय. आमच्या घरातल्या फोटोत मोरच आहे."

"तो छापखान्याचा मोर आहे, हिंदुराव. शास्त्रातला नव्हे."

खरं सांगायचं तर मला ते बदक वाटत होतं.

आमचं गाव कोल्हापूरपासून तासाभरावर. मुंबईतल्या जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून मी परत आले होते आणि बसस्टँडसमोर 'शलाका ग्राफिक्स' अशी पाटी लावून बसले होते. शिकले होते टायपोग्राफी, करत होते लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस त्याचा फोटो मोठा, शुभेच्छुकांचे फोटो बारीक, आणि शुभेच्छुकांतही कुणाचा किती बारीक यावरून भांडणं. अशात नूतन कलोपासक मंडळाचा निरोप आला. अमृतमहोत्सवाच्या निमित्तानं मंडळाला नवं रूप द्यायचं होतं. बोधचिन्ह, पत्रं, पाट्या, स्मरणिका, सगळं. गावातली सर्वांत जुनी कलासंस्था. हे काम चांगलं झालं असतं तर पतसंस्था, कॉलेज, वाचनालय सगळे माझ्याकडे आले असते. त्यातही पतसंस्था आणि कॉलेज हिंदुरावांच्याच हातात होतं.

हिंदुराव मंडळाचे अध्यक्ष. गुळाचा मोठा व्यापार, मनानं मोकळा माणूस, गाण्यातलं काही कळत नाही हे तोंडावर सांगणारा. हेर्लेकर सर कार्यवाह, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. मंडळाचा इतिहास त्यांनीच लिहिला होता आणि दर वर्धापनदिनाला त्यातलं एक प्रकरण वाचून दाखवत. बाकीचे सदस्य या दोघांपैकी कुणीतरी बोललं की मान हलवत. आणि टेबलाच्या उजव्या टोकाला कुमुदताई उपळेकर. मुलींच्या हायस्कूलच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय ऐंशीच्या पुढं. मंडळाच्या घटनेत 'एक महिला सदस्य' असं लिहिलेलं होतं, म्हणून त्या होत्या. बैठकभर डोळे मिटून बसायच्या. झोपल्यात असं सगळे समजायचे.

मंडळ तेव्हा काय करायचं, हेही सांगायला हवं. सभागृहात वर्षाचे बहुतेक दिवस साड्यांचे सेल लागत. उरलेले दिवस लग्नं. गायनाचा वर्ग कधीतरी बंद पडला होता. तबल्याची एक जोडी कार्यालयातल्या कपाटावर होती, तिच्यावर हारतुऱ्यांची पिशवी ठेवलेली असायची.

"आम्हाला कसं पाहिजे सांगतो," हिंदुराव म्हणाले. "सुटसुटीत पाहिजे. मोबाईलवर पण दिसलं पाहिजे आणि हॉलच्या कमानीवर पण. मॉडर्न पाहिजे, पण जुनं वाटलं पाहिजे."

"आणि समग्र," हेर्लेकर सर म्हणाले. "गायन, वादन, नृत्य, नाट्य. चारही कला दिसल्या पाहिजेत. शिवाय ज्ञानाचं प्रतीक म्हणून दीप."

"दिवा घाला. खाली लाटा घाला, आपली नदी. मागं सूर्य."

"सूर्य नको," कोपऱ्यातून एकजण म्हणाला. "गेल्या खेपेला अपक्षाचं चिन्ह होतं ते."

सूर्य गेला. मग कमळ, घड्याळ, हात, पतंग, कपबशी, शिट्टी, एकेक करत गावात आजवर कुणीही निवडणूक लढवलेली सगळी चिन्हं बाद झाली. हे काम तासभर चाललं आणि त्यात मात्र पूर्ण एकमत होतं. शेवटी पक्षी तेवढा उरला.

"पक्षी जुनाच ठेवा," हिंदुराव उठता उठता म्हणाले. "फक्त मॉडर्न करा. मोर."

"हंस," हेर्लेकर सर म्हणाले.

पुढचे काही आठवडे मी पक्षी काढले. हंसाकडे झुकणारे काढले की हिंदुरावांचा फोन यायचा. "मॅडम, मान जरा कमी करा आणि पिसारा वाढवा. तुमचं ते डिझाईन का काय ते राहू दे, पण बघितल्यावर माणूस मोर म्हणाला पाहिजे." मोराकडे झुकणारे काढले की हेर्लेकर सर स्वतः येऊन दुकानातल्या स्टुलावर बसायचे. त्यांनी हंसावर एक दीर्घ निबंध लिहिला होता आणि तो ते मला तुकड्यातुकड्यानं वाचून दाखवायचे. फ्लेक्स न्यायला आलेली पोरं दारात उभी राहून ऐकायची.

गोष्ट मंडळाबाहेर गेली. गावच्या साप्ताहिकात 'हंसाचा अवमान' असं पत्र छापून आलं. पुढच्या अंकात 'मोर हा राष्ट्रीय पक्षी, त्याला विरोध करणारे कोण?' असं आलं. मंडळाची निवडणूक जवळ होती. दोन पॅनेल उभी राहिली आणि लोक त्यांना हंस पॅनेल, मोर पॅनेल म्हणायला लागले. चहाच्या गाड्यावर मला माणसं विचारायची, "तुम्ही कुणाच्या?" मी सांगायचे, मी चित्र काढते. त्यावर ती समजूतदारपणे हसायची. माझी आई म्हणाली, "एवढं शिकलीस ते कोंबड्या काढायला काय गं?"

शेवटी एका संध्याकाळी कंटाळून मी एक रेष ओढली. एकच सलग रेष. डावीकडून पाहिलं तर लांब मानेचा हंस. उजवीकडून पाहिलं तर पिसारा मिटलेला मोर. मुद्दाम केलं नव्हतं. हात थकला की कधी कधी बरं काम होतं.

ती घेऊन मी बैठकीला गेले. हिंदुरावांनी कागद हातात धरला, लांब केला, जवळ आणला. "आत्ता कसं! मोर की हो हा."

हेर्लेकर सरांनी चष्मा पुसला. "हंस. निःसंशय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही वाटलं की समोरच्यानं माघार घेतली. मोठ्या मनानं दोघंही हसले. टाळ्या झाल्या. पेढे आले. हिंदुराव मला म्हणाले, "मॅडम, पतसंस्थेचं कॅलेंडर तुमच्याकडंच. कॉलेजचं माहितीपत्रक पण. आता मागं बघायचं नाही."

टेबलाच्या उजव्या टोकाला कुमुदताईंनी डोळे उघडले. माझ्या कागदाकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "वा. छान फसवलंस." आणि डोळे पुन्हा मिटले.

आता फक्त औपचारिकता उरली होती. सर्वसाधारण सभेत चिन्ह जाहीर व्हायचं होतं. त्याआधी स्मरणिकेसाठी सदस्यांचे फोटो गोळा करायचे होते, म्हणून मी कुमुदताईंच्या घरी गेले.

जुन्या वसाहतीतलं बैठं घर. त्या एकट्या राहायच्या. बाहेरच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीशी गवसणी घातलेला तानपुरा. मी टेबलावर माझी फाईल उघडली. वर ते जुनं हँडबिलच होतं. त्या माझ्या उजव्या हाताला, टेबलाच्या आखूड बाजूला बसल्या.

"ताई, परवा तुम्ही म्हणालात छान फसवलंस. कुणाला?"

"त्या दोघांना. आणि थोडं स्वतःलाही."

"मग तुमच्या मते तो कोण आहे? मोर की हंस?"

त्या हसल्या. "पक्षी आहे असं तुला कोण म्हणालं?"

मी हँडबिलाकडे पाहिलं. मान, छाती, पंख, शेपूट.

"तिथून नाही दिसायचं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "इकडे ये. माझ्या खुर्चीत बस."

मी जाऊन बसले. कागद जागचा हलला नव्हता. पण तिथून पाहिलं आणि चित्रच बदललं. लांब मान आता उभी झाली होती आणि ती मान नव्हतीच, तानपुऱ्याची दांडी होती. चोच म्हणजे खुंट्या. फुगीर छाती म्हणजे मान किंचित कलती ठेवलेलं बाईचं डोकं, मागे अंबाडा. पंख म्हणजे दुमडलेला गुडघा. आणि शेपूट म्हणजे मांडी घालून बसल्यावर भोवती पसरलेलं लुगडं. ठिपके त्याच्यावरच्या बुट्ट्या होत्या. एक बाई तानपुरा घेऊन गायला बसली होती. इतकी स्पष्ट, की आता पक्षी शोधूनही दिसेना.

"ही कोण?"

"रत्नाबाई शिरोळकर," कुमुदताई म्हणाल्या. "मंडळाचं सभागृह आहे ना, तिथं त्यांचं घर होतं. तालीम तिथंच चालायची. आमचे अण्णा पेटी धरायला जायचे आणि मी अण्णांचं बोट धरून. मी सात-आठ वर्षांची असेन. बाईंनी मला शिकवायला घेतलं."

"आणि संस्थापक बापूसाहेब?"

"तेही शिकायला यायचे. आवाज बरा होता, ताल कच्चा. मंडळ काढायची कल्पना बाईंची. जागा बाईंनी दिली, आणि दत्तोबा पेंटरनं त्यांना समोर बसवून हे चित्र काढलं. पहिल्या पडद्यावर हेच होतं, उभं. ठसाही करून आणला छापायला. मग सभागृहाच्या उद्घाटनाला मोठी माणसं येणार असं ठरलं. बायकामुलांसकट. तेव्हा बापूसाहेबांना आठवलं, की बाई गाणारी आहे. गाणारीचं चित्र पत्रिकेवर असेल तर घरंदाज बायका यायच्या नाहीत."

"म्हणून चिन्ह बदललं?"

"बदलतील कसं? ठसा तयार होता, दिवस नव्हते. कुणीतरी म्हणालं, आडवा लावा, पक्ष्यासारखा दिसतो. लावला आडवा." त्यांनी हात टेबलावर सपाट ठेवून दाखवलं. "बाईंना निमंत्रण आलं. त्यांच्याच चित्राचं. मी शेजारीच बसले होते. त्यांनी पत्रिका अशी फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, कुमे, बघ, निजवलं मला. मग तानपुरा जुळवायला घेतला. त्या वर्षअखेरीला हुबळीकडे निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत."

"ताई, तुम्ही इतकी वर्षं समितीत आहात. बोलला कसं नाहीत?"

"बोलले की. समितीवर आले त्याच महिन्यात बोलले. उभं राहून, सगळं सांगितलं. इतिवृत्तात काय लिहिलं माहितीये?" त्यांनी हेर्लेकर सरांसारखा घसा साफ केला. "'महिला सदस्यांनी महिलांच्या सहभागाविषयी मौलिक विचार मांडले. चहापानानंतर बैठक संपली.' तेव्हापासून मी डोळे मिटते."

त्यांनी फोटो दिला, लाडू दिला आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या. "तू काही करावंस म्हणून नाही सांगितलं हं," त्या म्हणाल्या. "विचारलंस म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणी विचारलंच नाही."

सभेच्या आधीचे ते दिवस मला नीट आठवतात. माझी रेष मंजूर झाली होती. हंसवाले खूश, मोरवाले खूश, आई खूश. पतसंस्थेचा माणूस कॅलेंडरसाठी देवांचे फोटोही देऊन गेला होता. मी फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्याचंच काम होतं ते. पण संगणकावर माझा तो शहाणा पक्षी उघडला की तो मला आडवाच दिसायचा. एकदा मी तो फिरवून पाहिला. माझ्या रेषेतून कुणीच उठून बसलं नाही. नुसता उभा केलेला पक्षी होता. मग मी नवीन कागद घेतला आणि त्या बाईंना काढायला बसले.

सभेला सभागृह भरलं होतं. साड्यांचा सेल दोन दिवसांसाठी बाजूला सरकवला होता, त्यामुळे भिंतीकडेला 'भव्य सूट'चा फलक तसाच होता. व्यासपीठावर हिंदुराव, हेर्लेकर सर आणि टोकाला कुमुदताई. हेर्लेकर सरांनी प्रास्ताविकात हंसाचा नीरक्षीरविवेक सांगितला. हिंदुरावांनी मोराचं नाव न घेता पिसाऱ्याचा उल्लेख केला. मग मला बोलावलं.

मी आधी जुनं चिन्ह पडद्यावर दाखवलं. मोठं, पडदाभर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काही न बोलता ते उजवीकडे वळवलं, हळूहळू, उभं होईपर्यंत.

सभागृहातल्या बायकांच्या बाजूनं पहिला आवाज आला. "अगं बाई! बाई आहे ती!"

नंतर गलका. मी माझं नवीन चित्र दाखवलं, तीच बाई, तोच तानपुरा, मोजक्या रेषांत. आणि कुमुदताईंनी सांगितलेलं सांगितलं, जसंच्या तसं.

हिंदुराव माईकवरच मला म्हणाले, "मॅडम, हे काय हो? पक्षी मंजूर झालावता की आपला."

"मंडळाच्या इतिहासात रत्नाबाई शिरोळकर या नावाचा उल्लेख नाही," हेर्लेकर सर उठून म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"इतिहास कुणी लिहिलाय?" कुमुदताईंनी विचारलं. डोळे टक्क उघडे होते.

"मी लिहिलाय."

"मग बरोबर."

सभागृहात हसू फुटलं. हिंदुराव कुमुदताईंकडे झुकले. माईक बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. "ताई, पण या बाई म्हणजे... तसल्या का हो?"

"कसल्या, हिंदुराव?"

"नाही म्हणजे... गाणाऱ्या."

"हो. गाणाऱ्या. मंडळ कशाचं आहे आपलं?"

हिंदुरावांनी हेर्लेकर सरांकडे पाहिलं. आणि त्या क्षणी, इतक्या दिवसांत प्रथमच, मोर आणि हंस एका बाजूला आले. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोघंही कागद ओढून शेजारी शेजारी बसले, कुजबुजले, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग हेर्लेकर सरांनी ठराव वाचला. मंडळाला समस्त स्त्रीवर्गाविषयी नितांत आदर आहे. तथापि मंडळाचं बोधचिन्ह पक्षी हेच होतं, आहे व राहील. पक्ष्याची जात ठरवण्याची आवश्यकता नाही. हात वर झाले. दोन्ही पॅनेलचे. मंडळाची निवडणूक त्या वर्षी बिनविरोध झाली.

माझं नाव स्मरणिकेतून वगळलं गेलं. पतसंस्थेचा माणूस देवांचे फोटो परत घेऊन गेला. नवीन बोधचिन्ह हिंदुरावांच्या भाच्यानं केलं, त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. पक्ष्याला हंसाची मान आणि मोराचा पिसारा लावला. पोटात तबला. चोचीत दिवा. गावातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला बदक म्हटलं आणि सभागृहाला 'बदकाचा हॉल' हे नाव पडलं ते पडलंच. रिक्षावाले अजून तसंच विचारतात.

कुमुदताईंनी दुसऱ्या दिवशी समितीचा राजीनामा दिला. घटनेप्रमाणे एक महिला सदस्य हवी होती, म्हणून हिंदुरावांनी आपल्या वहिनींना घेतलं. आठवड्याभरात कुमुदताईंचा मला फोन आला.

"पाटी करून देशील?"

"कसली?"

"गाण्याच्या वर्गाची. बाहेरच्या खोलीत घेईन म्हणते. सभेला आल्या होत्या ना बायका, त्यातल्या काहीजणी मुलींना घेऊन दारात उभ्या आहेत. आवाज माझा आता चाळणीतून येतो, पण कान शाबूत आहेत."

पाटी मी पत्र्यावर हातानं रंगवली. वर रत्नाबाई, तानपुरा घेऊन बसलेल्या, चित्र उभं. खाली 'रत्नाबाई शिरोळकर गायन वर्ग'. अक्षरांत मी जेवढा जीव ओतला तेवढा मुंबईत कधी ओतला नव्हता. फाटकाशेजारी ती लावली आणि संध्याकाळी आतून मुलींचे सूर यायला लागले. चार मुली, चार दिशांना जाणारे सूर. रस्त्यावरची माणसं थांबून पाटी वाचायची.

पाटी लागून महिना होतो न होतो तोच मंडळाचे अध्यक्ष आणि कार्यवाह कुमुदताईंच्या दारात आले. मी तेव्हा तिथंच होते, मुलींच्या वह्यांसाठी मुखपृष्ठ दाखवायला आले होते. वर्ग नुकताच सुटला होता. सतरंजी तशीच होती, तानपुरा गवसणीबाहेर.

"बसा," कुमुदताई म्हणाल्या. खुर्च्या दोनच होत्या. दोघं बसले. हिंदुराव टोपी काढून हातात घेऊन बसले, शाळेत बसल्यासारखे.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले. "पण लोक विचारायला लागलेत. ते बाहेर तुम्ही लावलंय ते... ते आमचं आहे."

"काय?"

"ते चित्र. मंडळाचं बोधचिन्ह आहे."

"तुमचा तर पक्षी आहे," कुमुदताई म्हणाल्या. "ठराव झालाय. मी सभेत होते. ही तर बाई आहे."

हिंदुरावांनी हेर्लेकर सरांकडे पाहिलं. सर पुढे सरकून बसले. त्यांना मुद्दा मांडायला मिळाला की चेहऱ्यावर एक तकाकी यायची, ती आली.

"कुमुदताई, बाई आणि पक्षी हा भेद इथे आभासी आहे. आकृती एकच. मी स्वतः जुनी पत्रिका आणि तुमची पाटी ताडून पाहिली. दांडीचा कोन, खुंट्या, गुडघ्याची रेषा, लुगड्यावरच्या बुट्ट्या, सगळं तंतोतंत. फक्त नव्वद अंशांचं परिवलन. कुठल्याही न्यायालयात मी हे सिद्ध करू शकतो."

"गुडघा म्हणालात?"

"हो."

"लुगडं?"

"हो, म्हणजे..." सर थांबले.

"मग सिद्ध करा की," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. "त्या बाई तुमच्याच मंडळाच्या आहेत, असं तुम्ही म्हणताय ना?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी तेवढंच म्हणत होते इतकी वर्षं. हिंदुराव, तुमच्याच आहेत तर घेऊन चला त्यांना. मी पाटी उतरवून देते. उद्या सभागृहाच्या कमानीवर लावा. पण उभ्या लावा. आणि नावानिशी."

हिंदुराव उठले. टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "असू दे, असू दे. तुमचं तुमच्याकडं असू दे. एवढं काय नाही. मुलींचा वर्ग आहे, चांगलं काम आहे. चला सर."

हिंदुराव बाहेर गेले. फाटकाशी त्यांनी गाडी सुरू केली. सर उठले खरे, पण दारापाशी जाऊन थांबले. पाठ आमच्याकडे होती.

"कुमुदताई," ते म्हणाले. आवाजातलं सगळं संस्कृत गेलं होतं. "मी तो इतिहास लिहिला तेव्हा बापूसाहेबांच्या घरची माणसं सांगतील तेवढंच लिहिलं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हवं होतं."

बाहेर हॉर्न वाजला. सर वळले. त्यांची नजर सतरंजीवरच्या तानपुऱ्यावर होती.

"कसं गायच्या हो त्या?"

कुमुदताई हळूहळू सतरंजीवर बसल्या, एक गुडघा उभा, एक दुमडलेला. मी तानपुरा उचलून त्यांच्याजवळ दिला. त्यांनी डोळे मिटले. तार छेडली आणि षड्ज लावला. आवाज थरथरत होता, मध्येच फाटत होता, पण जिथं लावायचा तिथं जाऊन बसला. मग एका जुन्या चिजेची पहिली ओळ. थांबल्या, मान हलवली. "असं नाही. बाई ही जागा सरळ घ्यायच्या नाहीत. खालून यायच्या." पुन्हा घेतली. पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा थांबल्या नाहीत.

बाहेर हॉर्न वाजत राहिला. मग गाडी बंद झाल्याचा आवाज आला. हेर्लेकर सरांनी दारातच चपला काढल्या आणि सतरंजीच्या कडेला, मुली बसतात तिथं, मांडी घालून बसले.